एक्केचाळीस ओळींतली बाई

हिंदी मुलखातल्या आमच्या प्लांटच्या वसाहतीत, सेक्टर 2 मधल्या बुद्धविहाराचे भय्याजी मेश्राम म्हणजे अजब वल्ली. चौतीस वर्षं प्लांटमध्ये क्लार्क आणि जवळपास तेवढीच वर्षं विहाराचे सचिव. "लिहिलं नाही ते झालं नाही," हा त्यांचा खाक्या. रिटायर झाल्यावर माणसं गुडघे चोळत बसतात; यांनी विहाराच्या कामकाजाची अठ्ठावीस रजिस्टरं एका बोटाने कॉम्प्युटरवर टाइप केली. नात प्रेरणाने त्यांना फाइलींत शब्द शोधायला शिकवलं आणि आमची पंचाईत झाली. कोणी काही बोललं की हे शब्द टाकून ओळच काढून दाखवत.

यंदा विहार बांधायला झटलेल्यांच्या नावांचा फलक लावायचं ठरलं. मी समितीत आहे. रजिस्टरात नाव असेल तरच ते फलकावर, हा नियम भय्याजींचाच.

यादी पक्की व्हायच्या आदल्या दिवशी नलू रामटेके त्यांच्या घरी आली. मी तिथेच होतो. तिची आई कौतिका बांधकामावर रोज राबली होती. तिचं नाव फलकावर यावं, एवढंच नलूचं म्हणणं. भय्याजींनी 'कौतिका' टाकलं. एकही ओळ आली नाही.

"रेकॉर्डमंदी नाई बाई. मी काय करू?"

मला त्यांचा रागच आला. नलू उठली आणि दारातून म्हणाली, "काकाजी, आईले नावानं कोन बोलवत होतं? सारे भूषणची आई म्हनत, नाईतर चौदा-बीवाली. तुमीबी तसंच म्हनत होते."

भूषण तिचा थोरला भाऊ. चौदा-बी हे त्यांचं क्वार्टर. भय्याजी पुन्हा कॉम्प्युटरकडे वळले. मग त्यांनी नातीला हाक मारली, "बेटा, दोन-तीन गोष्टी एकदम धुंडता येते का?"

"आता है ना आजोबा. बीच में खडी लकीर डालो. त्यातलं एक जरी सापडलं तरी ती ओळ येईल. आणि मधलं काहीही चालत असेल तर टिंब आणि तारा."

त्यांनी टाइप केलं: भूषणच.*आई|चौदा-बी|रामटेके.*बायको

एक्केचाळीस ओळी आल्या. 'भूषणच्या आईने विटांवर पाणी मारले.' 'चौदा-बीच्या बाईने वीस जणांचे जेवण आणले.' 'स्लॅबच्या दिवशी रामटेकेंची बायको तापातही हजर.' सगळं त्यांनीच लिहिलेलं आणि त्यांनीच टाइप केलेलं. त्यांनी चष्मा काढून ठेवला. नलू दारातून परत आली आणि उभ्या उभ्या सगळ्या ओळी वाचत राहिली.

दुसऱ्या दिवशी बैठकीत कोणीतरी टोकलंच, "नाव आहे का रजिस्टरात? नियम तुमचाच ना?"

भय्याजी उभे राहिले. "बाई हाये, एक्केचाळीस जागी. नाव नाई, कावून का मी तिले कधी इचारलंच नाई. चूक माही हाये. तिचं नाव कावून कापता?"

पुढे कोणी वाद घातला नाही.

फलकावर कौतिका रामटेके हे चौथं नाव आहे. तो लागला त्या दिवशी भय्याजींनी सगळी नावं मोठ्याने वाचली. कार्यक्रम संपल्यावर नलू त्यांच्यापाशी आली. रागावली नव्हती, हसतच बोलली.

"आईले नावानं हाक मारनारी एक आजीच होती, काकाजी. तिच्यानंतर आज तुमी."