घंटीची दोरी

नाशिकहून येवल्याला जाणाऱ्या एसटीत चढल्या चढल्या ललिताताई पगारेंनी वर पाहिलं. छताखालून ड्रायव्हरपर्यंत गेलेली घंटीची दोरी. कंडक्टरकीच्या इतक्या वर्षांत तिच्याकडे बघायची कधी गरज पडली नव्हती. हात आपोआप जायचा.

डाव्या स्तनात कर्करोग निघाला. शस्त्रक्रियेत स्तन गेला, काखेतल्या गाठीही काढल्या. उपचार संपले तेव्हा डॉक्टर म्हणाले, "रिपोर्ट छान आहेत. समाधानी ना?" त्या हो म्हणाल्या. जीव वाचवणाऱ्याला नाही कसं म्हणायचं? डावा हात कानाच्या वर जात नाही, हे सांगायचं राहूनच गेलं.

"टेबलाचं काम माग," नवरा, बुद्धभूषण, म्हणत होता. "एवढ्यातून उठलीस, आता धक्के कशाला खातेस?"

पण घरात सगळे त्यांच्याशी हळू आवाजात बोलत. गाडीत कुणी हळू बोलत नाही. त्यांना गाडीच हवी होती. शेवटी आगारप्रमुखांनी तोडगा काढला: आज एक फेरी करा, जमली तर गाडी, नाहीतर चौकशीची खिडकी.

ड्रायव्हर देवराम जुना जोडीदार. "ताई, एका घंटीला थांबणार, पण दोन घंट्या आल्याशिवाय गाडी हलायची नाही. तुम्ही आजारातून उठलात म्हणून सवलत नाही."

"कोण मागतंय सवलत? बसा स्टिअरिंगवर."

निफाडपर्यंत निभावलं. तिकिटाचं मशीन गळ्यात सोडायचं आणि उजव्या हातानं दोरी ओढायची. खाकीच्या आत डावीकडे घरी शिवलेली कापसाची उशी होती. ती सरकेल या धास्तीनं कोपर अंगाशी घट्ट.

विंचूरला गर्दी घुसली. सगळ्यांच्या शेवटी धोंडाबाई नावाची एक म्हातारी बोचकं घेऊन पायरीवर आली. "थांब गं माय, गुडघे लय दुखत्यात." ललिताताईंनी उजव्या हातानं तिचं मनगट धरलं. तेवढ्यात आतून कुणीतरी, "चला ना, किती वेळ!" म्हणत दोरी दोनदा ओढली.

गाडी हलली. म्हातारीचा एक पाय पायरीवर, दुसरा हवेत. ललिताताईंनी डावा हात वर फेकला. काखेत काहीतरी ताडकन ताणलं. बोटं कानापर्यंत गेली आणि थांबली. दोरी वीतभर वरच.

"देवराम! थांब!"

ब्रेक करकचून लागला. ललिताताईंनी म्हातारीला आत ओढलं, बोचक्यासकट.

"अहो मॅडम, घंटी कशाला लावलीय मग?" एक जण खेकसला.

"तू गप रं मेल्या!" धोंडाबाई ओरडली. "दोरी तूच वढली ना?" मग ललिताताईंकडे वळून, "पोरी, हात सोड आता. मोडशील."

येवल्याच्या स्टँडवर प्रवासी उतरल्यावर देवराम मागे आला. "घंटी का नाही दिलीत?"

त्यांनी सांगितलं. "आम्हाला वाटलं, बरं झालं म्हणजे झालं," देवराम म्हणाला. "साहेबांना मी काही बोलणार नाही."

"नको. उद्या दुसरा ड्रायव्हर असेल, दुसरी म्हातारी असेल. हे मीच सांगणार."

सांगितलं तर खिडकी ठरलेलीच. तरी त्या स्टँडबाहेरच्या दुकानात गेल्या आणि नायलॉनची दोरी घेऊन आल्या. दाराजवळ, घंटीच्या दोरीला तिचा तुकडा बांधून खाली सोडला, खांद्याच्या उंचीवर. देवराम पुढे जाऊन बसला. त्यांनी डाव्या हातानं तुकडा ओढला. एक घंटी. मग दोन.

परतीच्या वाटेवर प्रत्येक थांब्याला त्या डाव्या हातानंच घंटी देत आल्या.

नाशिकला आगारप्रमुख साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे प्रत्येक गाडीला दोरी बांधत फिरणार?"

"हो साहेब. तुकडा पिशवीत ठेवीन. खिडकीत बसवलंत म्हणून हात काही वर जाणार नाही."

साहेबांनी देवरामकडे पाहिलं.

"मला घंटी ऐकू आली," देवराम म्हणाला. "ड्रायव्हरला तेवढंच लागतं."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "आठवडाभर बघू. उद्या सकाळची येवला घ्या."

बाहेर आल्यावर डावा हात खांद्यापासून ठणकत होता. घरी गेल्यावर ठणक उतरेपर्यंत तो उशीवर ठेवावा लागणार होता. त्यांनी बुद्धभूषणला फोन लावला.

"अहो, उद्या डबा लवकर करावा लागेल."

"कुणाचा?"

"माझा."