यंत्र झाडायचा नियम

गरम कोंड्याचा वास आला की अजून माझी कंबर ठणकते. भोरच्या आमच्या भातगिरणीत माझे सासरे, म्हणजे मामंजी, म्हणायचे, लोकांना आपल्याच शेतातला तांदूळ लागतो. म्हणून दर गिऱ्हाइकाच्या पोत्यानंतर यंत्र थांबवून आम्ही दोघं ते झाडायचो.

एका दुपारी हिर्डोशीच्या एक आजी वाट बघून कंटाळल्या. "आमच्या खाचरांत पानी एकच फिरतं. तांदूळ मिसळला तर काय बिगडतंय? एसटी तरी गावंल."

"मग इतकी वर्षं बोलला का न्हाई?" मामंजींनी विचारलं.

"आमाला वाटलं, तुमालाच तसं लागतंय."

मामंजी झाडू टेकवून खाली बसले. उठताना त्यांना माझा हात धरावा लागला. तेव्हा मला त्या झाडण्यातून सुटल्यासारखं वाटलं होतं. आता आठवतो, तो हातावर पडलेला त्यांचा भार.