हुरड्याची ओंजळ

आगटीतल्या निखाऱ्यांतून ज्वारीचं पहिलं कणीस बाहेर आलं आणि पोत्यांवर गोल करून बसलेले आम्ही सगळे त्याच्याकडे बघत बसलो. नाताळच्या सुट्टीत दिरांच्या शेतावर हुरडा खायला जायचं, हा आमच्या घरचा जुना रिवाज. गरम कणीस तळहातांवर चोळायचं, फुंकर मारून फोलपटं उडवायची आणि कोवळे दाणे प्रत्येकाच्या ओंजळीत घालायचे, हे काम मात्र माझ्या यजमानांचं. ते गेल्यानंतरचा हा पहिला हिवाळा.

कणीस वाफाळत तसंच पडून होतं. मुलगा हात पुढे करेना. दीर निखाऱ्यांकडे बघत राहिले. माणूस गेल्यावर त्याचं कपाट आवरता येतं, पण त्याचं काम कुणी हाती घ्यायचं, हे कुणालाच ठरवता येत नाही.

"आजी, गार होतंय ना! सगळे नुसते बघत काय बसलात?" नात म्हणाली.

मी कणीस उचललं आणि चोळायला लागले. असा चटका बसला की डोळ्यांत पाणी आलं.

"सावकाश, वहिनी," दीर म्हणाले. "दादाचे हात कधी बघितले नाहीत का? संध्याकाळपर्यंत लालबुंद असायचे."

मी ते कधी पाहिलेच नव्हते. इतकी वर्षं माझ्या ओंजळीत दाणे पडायचे ते कोमट, फुंकून निवलेले. मला वाटायचं, हुरडा असाच असतो.

नातीने ओंजळ पुढे केली. मी दाण्यांवर अजून एकदा फुंकर घातली.