चांगुणाबाईंचं म्युझियम

चिखलीहून उंद्रीच्या वाटेवर एक गाव आहे. तिथल्या बायकांशी भांडण काढू नये. काढलं तर काय होतं ते त्या गावच्या देशी दारूच्या दुकानाला विचारावं, पण ते दुकान आता जागेवर नाही. काही वर्षांपूर्वी बायकांनी सह्या गोळा केल्या, तहसीलच्या चकरा मारल्या आणि गावात मतदान घडवून आणलं. मतपत्रिकेवर दोन चित्रं होती. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी बाटली म्हणजे बंद करा. बायकांनी बाटली अशी आडवी पाडली की ती पुन्हा उठली नाही.

या बायकांच्या पुढे होत्या चांगुणाबाई. उंची बेताची, पण आवाज असा की त्या बोलायला लागल्या की ग्रामपंचायतीचा भोंगा सुट्टीवर जाई. त्यांचे यजमान दयारामजी चिखली डेपोत मेकॅनिक होते, आता निवृत्त. त्यांनी जन्मात दारूचा थेंब चाखला नव्हता, पण डोळे अर्धे मिटलेले आणि चेहऱ्यावर कायमचं हसू. प्रचाराच्या दिवसांत चांगुणाबाई त्यांना दाराबाहेर पडू देत नसत. "तुमी घरातच बसा. लोकायले वाटते, माह्याच घरची बाटली उभी हाये."

या दोघांची एकुलती एक पोरगी पायल. हुशार निघाली, सरकारी शिष्यवृत्तीवर पर्यटनाचं शिकायला आयर्लंडला गेली आणि शिकून तिथंच नोकरीला लागली. ज्या दिवशी नोकरी लागली त्या दिवशी तिनं फोनवर आईला सगळं खरं सांगितलं. शहरात बिअरची एक फार जुनी फॅक्टरी आहे. ती बघायला जगभरातून माणसं येतात. त्यांना फिरवायचं, जव कसे भाजतात, पूर्वी लाकडी पिंपं कशी बनवायचे, हे सांगायचं.

चांगुणाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "जेवली का तू?"

दुसऱ्या दिवशी विहारात बायकांनी विचारलं, पोरगी कुठं लागली? चांगुणाबाईंच्या तोंडून निघून गेलं, "म्युझियमात." त्यात फारसं खोटंही नव्हतं. जुनी वास्तू, जुन्या वस्तू, तिकीट काढून बघणारी माणसं. पण खोटं हे लहान लेकरासारखं असतं, एकदा घरात आलं की त्याला रोज खायला घालावं लागतं. कोणी विचारलं, "काय ठेवलं हाये वं तिथं?" मग त्या म्युझियमात तलवारी आल्या. पुढे एका राणीचं सिंहासन आलं. पावसाळा लागेपर्यंत तिथं एक तोफही येऊन बसली. बायका माना डोलवत, आणि चांगुणाबाई घरी येऊन उगाच घासलेली भांडी पुन्हा घासत.

यंदा पायलनं आईबापाला बोलावलं. पासपोर्ट झाले, व्हिसा आला, तिकिटं निघाली. दयारामजींनी चिखलीहून लोकरी टोपी आणली आणि ऐन वैशाखात ती घालून अंगणात फेऱ्या मारू लागले. "सवय पाह्यजे," म्हणाले.

आणि मग पायलचा तो फोन आला.

"आई, आमच्या इथं वर्षातून एक दिवस कामगारांच्या घरच्यांसाठी असतो. तुमी असान तेव्हाच हाये. तुमची नावं देऊन टाकू ना? रविवारपर्यंत द्यायची हायेत."

चांगुणाबाईंनी हातातला चहा खाली ठेवला. "मी बाकी सगळं पाहीन वं. समुद्र पाहीन, किल्ला पाहीन. तिथं कायले?"

"तिथं मी असते म्हणून."

"माहे गुडघे... पायऱ्या असतीन."

"लिफ्ट हाये."

"वास सहन व्हत नाई मले."

"भाजलेल्या जवाचा वास येते आई. आपल्या भट्टीवर फुटाणे भाजल्यासारखा."

"तिथं समदे पेतच असतीन ना?"

"न पेणाऱ्यायले सफरचंदाचा रस देतेत. मी स्वतः देते."

दयारामजी टोपी सावरत मध्ये घुसले. "मले ते मोठाले हंडे पाह्यचे हायेत. वाफेवर चालते का इजेवर, विचार तिले."

"तुमी चुप बसा. हंडे पाह्यचे म्हने!"

बिचाऱ्या दयारामजींना खरंच हंडेच पाहायचे होते. पण तशा चेहऱ्याच्या माणसानं दारूच्या कारखान्यातली यंत्रं पाहायची म्हटल्यावर कोण विश्वास ठेवणार?

पलीकडून पायल हळू आवाजात म्हणाली, "मागच्या साली समद्यायचे आईबाप आले होते. एका पोरीची तर ब्राझीलहून आजी आली होती. मी दिवसभर दुसऱ्यायच्याच आया फिरवल्या. काही जबरदस्ती नाई आई. पण मी तिथं काय काम करते, ते तुले एकदा दाखवायचं होतं."

फोन ठेवल्यावर चांगुणाबाईंना आपलंच घर लहान झाल्यासारखं वाटलं. गेलं तर गावातला शब्द जातो, नाही गेलं तर पोरगी जाते. शेजारच्या गावात पुढच्या महिन्यात तेच मतदान होतं आणि तिथल्या बायका यांचंच तोंड पाहून कामाला लागल्या होत्या. दारूबंदीवाल्या चांगुणाबाई दारूच्या कारखान्यात फिरायला गेल्या, असं एकदा पसरलं असतं तर दुकानदाराला प्रचाराची गरजच उरली नसती.

रविवारी विहारात वंदना झाली आणि बायकांनी त्यांना उठू दिलं नाही. निरोपाचा कार्यक्रम ठेवला होता. गुलाबाचं फूल झालं, दोन भाषणं झाली. मग जनकाबाई उठल्या. जनकाबाई म्हणजे चांगुणाबाईंचा उजवा हात. सह्या गोळा करताना दोघी उन्हातान्हात एकाच डब्यातली भाकर खात फिरलेल्या. त्यांनी काखेतली गुंडाळी सोडली. भलंमोठं फ्लेक्स निघालं: 'बाटली आडवी, गाव उभं!'

"हे घेऊन जाय," जनकाबाई म्हणाल्या. "पायलच्या म्युझियमसमोर उभी राह्य अन् फोटो पाठव. बाजूच्या गावात लावू. बाहेरदेशातबी बाटली आडवी हाये म्हना!"

टाळ्या पडल्या. चांगुणाबाईंनी फ्लेक्सकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मोठं हाये वं. बॅगेत बसायचं नाई."

"गुंडाळून बसते. मी मोजूनच केलं."

"तिथले लोक उभं राहू देनार नाई. तोफ हाये ना तिथं, पहारा असते."

"तोफ हाये तर अजून चांगलं. तोफेजवळच काढ," जनकाबाई म्हणाल्या आणि त्यांच्याकडे रोखून पाहत राहिल्या.

आपणच आणलेल्या तोफेच्या तोंडी आपणच उभ्या आहोत, हे चांगुणाबाईंना कळलं. फ्लेक्स काखेत मारून त्या घरी आल्या. ते दाराआड ठेवलं तर दयारामजींच्या पायात येई, दिवाणाखाली ठेवलं तर मांजर त्यात जाऊन बसे. शेवटी त्यांनी ठरवलं की जायचंच नाही. ना कारखाना, ना आयर्लंड. माणूस घरीच राहिला तर कोणी काही विचारत नाही.

दुपार कलल्यावर फ्लेक्स घेऊन त्या जनकाबाईंच्या घरी गेल्या. जनकाबाई ओसरीवर डाळ निवडत होत्या. त्यांची नात वैष्णवी बाजेवर पडून मोबाइल पाहत होती.

"हे ठेव तुह्याजवळ. आमचं जानं रद्द झालं."

"काऊन?"

"ह्यायची तब्येत बरी नाई."

"कोनाची, दयारामभाऊची? आत्ता तर टोपी घालून सायकलवर गेले इथून."

चांगुणाबाईंनी फ्लेक्स बाजेला टेकवलं. तेवढ्यात वैष्णवी उठून बसली. "आजी, सांगून टाक ना आता! किती छळशील?"

"काय सांगून टाक?"

वैष्णवीनं मोबाइल पुढे केला. पडद्यावर पायल होती. काळा टीशर्ट, छातीवर नावाची पट्टी, मागे तांब्याचा हंडा, आणि ती हात हलवत इंग्रजीत काहीतरी सांगत होती. ऐकणारे खो खो हसत होते. कोण्या पर्यटकानं टाकलेला व्हिडिओ होता.

"साल झालं याले," जनकाबाई डाळीतला खडा उचलत म्हणाल्या. "समद्या बायायनं पाह्यला. तू तलवारी सांगत होती तेव्हा आमी तोंडात पदर कोंबून बसलो होतो."

"मंग बोलल्या काऊन नाई?"

"तू बोलशील म्हनून वाट पाह्यली. हे फ्लेक्सबी त्याच्याचसाठी केलं. म्हटलं, चांगलीच कोंडली का मंग तरी बोलन." सूप त्यांनी बाजूला ठेवलं. आता थट्टा सरली होती. "एका डब्यात जेवलो आपन. माह्या पोरानं काय काय केलं ते मी तुह्यापाशी रडली. अन् तुले एवढंसं मले सांगावं वाटलं नाई? मी का परकी होती?"

चांगुणाबाई खाली बसल्या. सूप पुढ्यात घेऊन त्या डाळीतले खडे शोधू लागल्या.

"मले तिचं काम काही आवडलं नाई, खोटं काऊन बोलू," जनकाबाई पुन्हा सूप ओढत म्हणाल्या. "पन जाय. पोरगी बलावते अन् माय तब्येतीची सोंगं करते. बाजूच्या गावचं मी पाहून घेतो. कोनी बोललं तर मी हाये ना."

घरी परतताना चांगुणाबाईंना हलकं वाटायला हवं होतं. ते वाटेना. गाव आडवं येतं, असं त्या इतके दिवस स्वतःला सांगत होत्या. गाव तर केव्हाच बाजूला झालं होतं. आता मधे दुसरं कोणीच उरलं नव्हतं, त्या स्वतःच होत्या. भावजयीचा संसार बाटलीत बुडताना त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. तसल्या हंड्यासमोर आपली पोरगी हसत उभी आहे, हे पाहायचं धाडस त्यांच्यात नव्हतं, आणि ही गोष्ट कोणत्याही लिफ्टनं सुटणारी नव्हती. जनकाबाईंनी नाही म्हटलं असतं तर किती बरं झालं असतं! निदान दोष द्यायला कोणीतरी राहिलं असतं.

अंगणात बसून त्यांनी फोन लावला. पायल कामावरच होती, काळ्या टीशर्टात. आईचा चेहरा पाहून ती घाबरली. "काय झालं?"

"नाव देलं का?"

"कोनाचं?"

"माहं. अन् ह्यायचं. आज रविवार हाये ना?"

पायल तोंडावर हात ठेवून मागे वळली, इंग्रजीत कोणालातरी ओरडून काही सांगितलं आणि आई सावध व्हायच्या आत फोन फिरवला. समोर पाहुण्यांचा घोळका होता. प्रत्येकाच्या हातात काळ्या बिअरचा फेसाळता ग्लास, आणि सगळे ग्लास वर करून पायलच्या आईचं स्वागत करत होते.

चांगुणाबाईंनी फोन बंद करायला बोट नेलं. पण दयारामजींनी मागून डोकं घातलं होतं आणि ते हंडा शोधत होते. पळायला जागा नव्हती. त्यांनी पदर डोक्यावर घेतला, फोन दयारामजींच्या हातात दिला आणि दोन्ही हात जोडले.

"जयभीम," त्या म्हणाल्या. आवाज निम्माच निघाला.

घोळक्यातल्या एका पांढऱ्या केसांच्या बाईनं पायलला त्या हात जोडण्याचा अर्थ विचारला. पायलनं सांगितला. तशी त्या बाईनं इकडेतिकडे पाहिलं, हातातला ग्लास खाली टेबलावर ठेवला, आणि तिनंही हात जोडले.