सम टाळणारा तबलजी

आमच्या मंडळात गाणं कोणी ऐकत नाही, आवाज ऐकतात. जळगाव-धुळ्याचे आम्ही काही जण दर महिन्याला एकेकाच्या घरी जमतो. कोणी स्वतः जोडलेला अॅम्प्लिफायर आणतो, कोणी स्वतः ठोकलेले स्पीकर, आणि सगळे डोळे मिटून बसतात. गायिका बरी गाते का, हा प्रश्न आजवर निघालेला नाही. तिचा श्वास डाव्या खोक्यातून आला की उजव्या, यावरून मात्र दोन सभासदांचा अबोला आहे.

हिवाळ्यातली बैठक माझ्याकडे होती. माझे सागवानी स्पीकर नुकतेच तयार झाले होते. प्रत्येक खोकं धान्याच्या कोठीएवढं. ते मावावेत म्हणून मी हॉलमधला दिवाण गॅलरीत नेला होता. त्या दिवाणावर दर हिवाळ्यात रावेरहून येणारी माझी थोरली बहीण, अक्का, झोपायची; यंदा ती आदल्याच दिवशी आली होती. बायकोने शांतपणे अट घातली.

"तुमच्या मंडळींना आवाज आवडला, तर खोकी राहतील. नाही आवडला, तर अक्कांचा दिवाण आत आणि खोकी गॅलरीत."

मंडळींना म्हणजे धुळ्याच्या नानांना. नाना व्हॉल्व्हचे अॅम्प्लिफायर बनवतात आणि कोणाच्याही यंत्राला 'ठीक शे' याच्यापुढे गुण देत नाहीत. त्यांच्याच फोनवरच्या सल्ल्याने मी खोकी स्वयंपाकघराच्या भिंतीला चिकटवली होती. (भिंत बास, म्हणजे खालचा खर्ज, वाढवते म्हणे.) जेवणाच्या तयारीची खुडबूड नको म्हणून स्वयंपाकघराचं दारही मीच लावून घेतलं.

नानांनी आपला अॅम्प्लिफायर जोडला. विलंबित लयीतली सतार सुरू झाली. डोळे मिटले गेले. सुरुवातीला आवाज पातळच होता. माझ्या डोळ्यांसमोर गॅलरी आली. आणि मग तो आला. खोल, गोल, फरशीतून पायात शिरणारा. धम्म.

नानांच्या भुवया वर गेल्या. धम्म. धम्म.

"भाऊ," ते डोळे न उघडता म्हणाले, "असा बास धुयामा बी कोणाकडे नही."

"पण नाना, ठोका तालात पडत नाहीये," कोपऱ्यातून एक सभासद म्हणाला. तो शाळेत गणित शिकवतो, त्यामुळे त्याला कशातच आनंद होत नाही.

"तबलजी मोठा शे. सम टाळी राहिना," नानांनी निकाल दिला.

सगळ्यांनी माना डोलावल्या. मी सागवानाची निवड, आतला कापूस, खिळ्यांऐवजी सरस वापरण्याची माझी दूरदृष्टी, यावर थोडं बोललो. (थोडं म्हणजे सतारवाला द्रुत लयीत जाईपर्यंत.)

तेवढ्यात बास थांबला.

"बास कथा गया?" नाना दचकून उठले. मग शोधकार्य सुरू झालं. वायरी बदलल्या. खोकी इंचभर पुढे, मग इंचभर मागे सरकवली. कोणी म्हणालं, जळगावची वीज धुळ्यापेक्षा पातळ आहे. शेवटी नानांनी प्लग काढला, अॅम्प्लिफायर उलटा केला आणि खालचा पत्रा खोलून आत टॉर्च मारला. मी देवाला नारळ बोललो.

धम्म.

"आला," नाना समाधानाने म्हणाले. मग त्यांनी हातातल्या प्लगकडे पाहिलं.

धम्म. धम्म.

गणिताच्या मास्तरांनी, फार हळुवारपणे, स्वयंपाकघराचं दार ढकललं. खोक्यांमागच्याच भिंतीला टेकून, लाकडी बडगी (भरीत कुटायचं खोलगट भांडं) पायात धरून, अक्का मुसळीने भरीत ठेचत होती. एवढ्या माणसांचं भरीत एका खेपेत होणार नव्हतं. पहिली खेप संपवून मध्यंतरी तिने उरलेली भाजकी वांगी सोलली होती. तोच आमचा बिघाड.

"डोये मिटी कायले बसले रे सगळे?" अक्का म्हणाली. "झोप लागली का? भरीत थंड होई राह्यलं."

बायको पुऱ्या लाटत होती. ती काहीच बोलली नाही. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर माणसाला यापेक्षा मोठी शिक्षा नसते.

जेवण मात्र अप्रतिम झालं. कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) पुरीशी भरीत खाताना नानांनी दोनदा डोळे मिटले, आणि या वेळी त्यांचं काही चुकलं नाही. निघताना ते माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "भाऊ, लाकूड चांगलं शे." मी त्यात दडलेलं कौतुक बराच वेळ शोधत होतो.

संध्याकाळी दिवाण आत आला. खोकी गॅलरीत न्यायला मी वाकलो, तर अक्काने अडवलं. आता ती खोकी दिवाणाच्या दोन्ही बाजूंना उभी आहेत. एकावर तिचा चष्मा आणि गोळ्या असतात, दुसऱ्यावर पाण्याचा तांब्या. "दणकट बनवले हो भाऊनं हे टेबल," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगते.

काल नानांचा फोन आला. पुढची बैठक धुळ्याला, त्यांच्या घरी. "अक्काले नक्की आणज्यो," ते म्हणाले, "बडगीसकट." मीही यायचं का, असं मी विचारलं.

"या ना," नाना म्हणाले. "बडगी जड शे. उचलाले कोणी तरी लागी."