आम्ही स्पॅनिश धातू चालवतो

माझं पहिलं लग्न स्पॅनिश भाषेतल्या एका क्रियापदानं मोडलं. मला त्याचा राग अजून आहे. क्रियापदाचा नव्हे, अण्णांचा!

अण्णा म्हणजे माझे वडील. सोलापुरात आमचं कापडाचं दुकान. मुंबईच्या एका अडत्यानं त्यांच्या डोक्यात भरवलं की आपले पंचे दक्षिण अमेरिकेत लई खपतील, पण तिथं स्पॅनिश बोलावं लागतं. झालं! इंग्रजीतून स्पॅनिश शिकवणारं एक जाडजूड व्याकरण माझ्या पुढ्यात आदळलं.

"शीक!"

"कुणाकडनं?"

"पुस्तकाकडनं! मॅट्रिक कशाला केलंय तुला?"

शाळेत संस्कृतचे धातू चालवले होते, तसे मी स्पॅनिशचे चालवू लागलो. उच्चार सांगायला अख्ख्या पेठेत कुणी नव्हतं. (डी दिसला की 'ड', हा माझा मीच केलेला नियम!)

अशात दुधनीचे शिवलिंगप्पा आपल्या मुलीचं माझ्याशी नक्की करायला म्हाताऱ्या आईला घेऊन आले. दोन्ही घरं कडक लिंगायत. अंड्याचं नुसतं नाव काढलं तरी आमची अव्वा, म्हणजे आई, चूळ भरायला लावायची! अण्णांनी मला माडीवर पिटाळलं.

"मोठ्यानं म्हण. परदेशी विद्या कळू दे की पावण्यांस्नी!"

त्या दिवशीचा धातू होता 'चालणे'. मी चालतो, तू चालतोस, तो चालतो, आम्ही चालतो, या क्रमानं मी येरझाऱ्या घालत गर्जू लागलो, "अंडो! अंडास! अंडा! अंडामोस!"

खाली शिवलिंगप्पांची हुग्गीची, म्हणजे गव्हाच्या खिरीची, वाटी ओठाशीच थांबली. (हे अव्वानं नंतर सांगितलं, कपाळ बडवत.)

"पोरगं काय म्हणतंय?"

"रोजचंच हाय की त्याचं," अण्णा कौतुकानं म्हणाले.

"रोज?"

"सकाळ-संध्याकाळ! त्याबिगर जेवत न्हाय."

"एकटाच?"

"छे! मी, तू, तो, आमी... समदे येतात त्यात!"

वर मी रंगात आलेलो. "अंडामोस! अंडामोस!"

"अंडं आनि मांस?" म्हातारी किंचाळली. "शिव शिव! ऊठ रे आधी!"

पाहुणे तरातरा टांग्यात जाऊन बसले. अण्णा माडीखालून गरजले, "गाढवा, काय बरळलास?" आता माझंही डोकं फिरलं. रात्रंदिवस घोकायचं मी, आणि गाढवही मीच? अनवाणी धावत जाऊन मी टांग्याच्या घोड्याचा लगाम धरला.

"मामा, नीट ऐकून घ्या! अंडा म्हणजे चालतो!"

"काय?"

"अंडा चालतो! अंडामोस म्हणजे आम्ही सगळे चालतो! मी म्हणालो तर अंडो, तुम्हाला अंडास, आजींना अंडा!"

आजींची काठी माझ्या खांद्यावर बसली.

"तुमाला चालत आसंल! आमाला न्हाय चालत!" शिवलिंगप्पा ओरडले, आणि टांगा स्टेशनकडं सुटला.

सगळी पेठ दारात उभी. मी वळलो, तर समोर अण्णा, हातात वहाण.

"अंडा चालतो म्हणून गावभर बोंबलतोस व्हय रे?"

सांगणार होतो, की हुकूम तुमचा, पुस्तक तुमचं, 'मोठ्यानं म्हण' हेही तुमचंच! पण तेवढ्यात वहाण सुटली.

एवढी मोठी भाषा, पण तिच्यातलं एकच रूप मला बिनचूक आलं: 'कोर्रो', म्हणजे मी पळतो!