बाहेर पडायचं दार

आमच्या सरांना सिलतऱ्याच्या, लोखंडी सळ्या काढणाऱ्या रोलिंग मिलमध्ये सगळे मागून 'एग्झिट भैया' म्हणत. कारण हा माणूस कुठेही गेला की आधी बाहेर पडायचं दार शोधायचा. लग्नाच्या हॉलमध्ये हातात अक्षता पडायच्या आधी मागची वाट कुठे निघते ते पाहून यायचा. सिनेमाला गेले तर खुर्ची दाराजवळची. भित्रे होते म्हणावं तर तसंही नाही. लालभडक सळी चार हातांवरून सरसरत गेली तरी ते जागचे हलत नसत. पण जिथून निघता येत नाही तिथे पाय ठेवणं त्यांना अपमानासारखं वाटायचं.

ही खोड त्यांनी माणसांवरही चालवली. भाचीच्या लग्नाची बोलणी ब्राह्मणपाऱ्यातल्या त्यांच्याच घरी चालली होती. देणंघेणं, मुहूर्त, सगळं ठरत आलं असताना सरांनी मुलाच्या वडिलांना शांतपणे विचारलं, "पोरीले नाही जमलं तं वापस यायची काय सोय ठेवली तुमी?" पाहुणे चहा अर्धा टाकून उठले. बहिणीने बरेच महिने अबोला धरला. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, हा किस्सा हसत हसत सांगायच्या आणि शेवटी हळूच म्हणायच्या, "पन विचारलं ते बरोबरच होतं हो."

मी त्यांच्या हाताखाली कंट्रोल रूममध्ये होते. मिलमधली कुठली मोटर केव्हा फिरायची, केव्हा थांबायची, हे ठरवणारे ठोकळ्यासारखे कंट्रोलर आणि त्यांच्यातले प्रोग्राम आमच्या ताब्यात. ताब्यात म्हणायचं आपलं. एका कंपनीचा कंट्रोलर घेतला की प्रोग्राम तिच्या सॉफ्टवेअरमध्ये, तिच्या परवान्यावर, आणि तिच्याच ठोकळ्यावर चालणार. उद्या तिने भाव वाढवला किंवा ते मॉडेलच बंद केलं, तर गिऱ्हाईक जाणार कुठे? सरांचं सगळं आयुष्य या एका प्रश्नाशी भांडण्यात गेलं. "आत यायचं दार तं सगळेच दाखवतात," ते म्हणायचे, "बाहेरचं दाखवा म्हटलं का घाम फुटते."

जुनी यंत्रणा बदलायची ठरली तेव्हा एका मोठ्या कंपनीचा इंजिनिअर आला. आडनाव अस्सल मराठी, पण सरांच्या प्रत्येक मराठी वाक्याला उत्तर हिंदीत. "सर, हमारा प्लॅटफॉर्म पूरा ओपन है," तो म्हणाला. सरांनी मला डोळ्याने खूण केली. मी दुसऱ्याच कंपनीचा कंट्रोलर आणून टेबलावर ठेवला. सर म्हणाले, "मंग तुझा प्रोग्राम याच्यावर चालवून दाखव."

तारा जुळल्या. प्लग बसला. दोन्ही ठोकळे एकमेकांना आकडे पाठवू लागले तेव्हा तो विजयी हसला. मग त्याने आपला प्रोग्राम बाहेर काढला आणि आम्ही तो दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडला. निम्मा आला. उरलेल्या निम्म्यावर लाल फुल्या, कारण ते भाग त्याच्या कंपनीने आपल्यापुरते बनवलेले होते. सर मात्र चिडले नाहीत. पोह्यांची प्लेट त्याच्याकडे सरकवत म्हणाले, "पाह्य, प्लग सगळ्यांचा, भाषा एकाची. तुह्यी चूक नाही बाबा. बाहेरचं दार तुले बी कोनी दाखवलं नाही."

मालकांनी तीच यंत्रणा घेतली. आणि खरं सांगायचं तर मिल सुरेख चालली. सगळं एकाच घरचं असलं की बिघाड चटकन सापडतो, भांडणं लागत नाहीत. मी सरांना चिडवायची, "बघा, उगाच घाबरवत होता तुम्ही." ते म्हणायचे, "चांगलं चालून राहिलं, हव. बंद पडंल तवा सांगजो." ते निवृत्त झाल्यावर कंपनीने ते मॉडेल बंद केलं आणि चालत्या मिलमधून सगळं उचकटून त्यांचंच नवं बसवावं लागलं. मी फोन केला तेव्हा वाटलं, आता ऐकावं लागणार. ते एवढंच म्हणाले, "पोट्टे थकले असतीन. काही खाऊ घाल त्यायले."

मग सरांना चक्कर येऊ लागली. छातीत पेसमेकर बसवायचं ठरलं. समता कॉलनीतल्या डॉक्टरांकडे मी बरोबर गेले होते. काकू देवाचं नाव घेत होत्या आणि सर पेशंटच्या खुर्चीत बसून विचारत होते, "याची वायर दुसऱ्या कंपनीच्या डबीले लागते का?" डॉक्टर कौतुकाने म्हणाले, लागते, प्लग सगळ्यांचा सारखाच असतो. सरांचा चेहरा उजळला. पुढचा प्रश्न मला पाठच होता. "आन आतलं वाचायचं असलं तं?" डॉक्टर म्हणाले, ते मात्र त्या कंपनीच्याच यंत्रावर, त्यांचा माणूस घेऊन येतो. रिक्षात बसल्यावर सर म्हणाले, "जनमभर ज्याच्याशी भांडलो, त्यालेच छातीत घिऊन राहिलो पाह्य."

ती डबीही सुरेख चालली. चक्कर थांबली, ते पुन्हा पायी बाजारात जाऊ लागले. वर्षातून एकदा कंपनीचा माणूस यायचा, छातीवर चकती ठेवायचा आणि पडद्यावर आकडे उमटायचे. कोणत्या दिवशी, किती वाजता ठोका चुकला, सगळं त्या डबीने टिपून ठेवलेलं असायचं. सर मान लांब करून बघायचे, तर तो माणूस पडदा वळवून घ्यायचा. "माह्याच छातीतलं, आन मलेच दाखवत नाही," सर म्हणायचे. त्यावर आम्ही हसायचो. आता हसू येत नाही.

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी काकू मागच्या दाराने भाजी आणायला गेल्या. वाटेत शेजारीण भेटली, तिच्या सुनेच्या तक्रारी ऐकत त्या सावलीत उभ्या राहिल्या. परत आल्या तर सर खुर्चीत होते, मान कललेली. डोळा लागला असेल म्हणून त्या भाजी निवडत बसल्या. चहा घेऊन उठवायला गेल्या तेव्हा कळलं.

पेसमेकर आगीत फुटतो, म्हणून स्मशानात नेण्याआधी हॉस्पिटलचा माणूस येऊन तो काढून गेला. धुऊन, छोट्या पिशवीत घालून काकूंच्या हातात दिला. सरांचा मुलगा बंगळुरूहून आला, दिवसकार्य केलं आणि गेला. त्यानंतर काकूंनी मला बोलावून घेतलं. पिशवी माझ्यापुढे ठेवली.

"याच्यात टाइम लिवला असंल ना?"

मी हो म्हणाले. असणार, म्हणाले.

"मंग पाहून सांग मले. मी भाजी आनाले गेली तवा गेले, का मी आल्यावर? मी इथंच भेंडी निवडत होती गं. ते तवा होते का? हाक मारली का त्यायनं?" आणि मग, अगदी बारीक आवाजात, "लोक म्हनतात सुखानं गेले. लोकायले काय मालूम? मालूम फक्त या डबीले."

मी हॉस्पिटलमध्ये गेले. त्यांनी हात वर केले. यंत्र कंपनीचं, माणूस कंपनीचा. कंपनीच्या माणसाला गाठलं. भला माणूस, सरांना ओळखायचा, डोळे पुसले त्याने. पण म्हणाला, "दीदी, ऊपर से परमिशन लगेगी." वरून उत्तर आलं. डबीतली माहिती पेशंटची खासगी असल्याने पेशंटची लेखी संमती जोडावी. मी पुन्हा लिहिलं की पेशंट वारले आहेत. पुन्हा तेच उत्तर आलं. तिसऱ्यांदा लिहिलं, त्याला उत्तरच नाही.

ती डबी मी ऑफिसात नेऊन भिंगाखाली धरून पाहिली. कुठे फट नाही, स्क्रू नाही. सरांनी घडवलेली पोरगी मी, अख्खी मिल उघडून पुन्हा जोडू शकते. या बोटभर धातूपुढे मी ठार अडाणी आहे, आणि मला त्या डबीचा इतका राग येतो की दात आवळले जातात. तिनेच त्यांना ती वर्षं दिली हे ठाऊक असूनही येतो.

काकूंना अजून 'नाही' असं सांगितलेलं नाही. दर रविवारी जाते. मागचं दार उघडंच असतं, सरांना ते तसंच लागायचं. सरांच्या खुर्चीवर कुणी बसत नाही. काकू पाण्याचा तांब्या पुढे करतात आणि मी पहिला घोट घ्यायच्या आत विचारतात, "उघडलं का गं?"

"नाही काकू. अजून नाही."

"बरं," म्हणतात, आणि भेंडीचं ताट पुढ्यात ओढून, खुर्चीकडे तोंड करून बसतात.